दोन जग

चित्रकलेत एक प्रकार असा आहे, की ज्यात माणूस नसतो, देव नसतो, लढाई नसते, डोंगर-नदीही नसते. टेबलावर किंवा पाटावर मांडलेली चार भांडी, दोन फळं, मागे एखादा पडदा, एवढंच. आपल्या शाळकरी मुलांना तो ‘स्थिरचित्र’ म्हणून माहीत आहे, कारण इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत त्याचा एक पेपर असतो. इंग्रजीत त्याला ‘स्टिल लाइफ’ म्हणतात, म्हणजे निवांत जीवन. फ्रेंच आणि इटालियन भाषांत मात्र त्याच चित्राला ‘मृत निसर्ग’ अशा अर्थाचं नाव आहे. एकाच तांब्याला कुणी निवांत जगणारा म्हणतं, कुणी मेलेला म्हणतं. मी शब्दांत रमणारा माणूस. त्यामुळे या दोन नावांमधल्या अंतरानं मला पहिल्यांदा या चित्रांकडे ओढलं.

हा प्रकार तसा फार जुना. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही रोमन गावं गाडली गेली. शतकांनंतर ती उकरली, तेव्हा घरांच्या भिंतींवर फळं, अंडी, पाण्याचं काचेचं भांडं अशी चित्रं सापडली. पण या चित्रांना स्वतंत्र नाव आणि भरभराटीचा बाजार मिळाला तो सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये. समुद्रावरच्या व्यापारानं तिथले व्यापारी गबर झाले होते आणि त्यांच्या दिवाणखान्यांना चित्रं हवी होती.

पीटर क्लास नावाच्या चित्रकाराचं १६२७ सालचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. मेजवानीचा थाट मांडलेला आहे आणि त्यातच एका जुन्या पंचांगाचं पान गुंडाळून केलेली पुडी पडली आहे. त्या पुडीत मिरी आहेत. आपल्याकडच्या किराणा दुकानात रद्दीच्या कागदात पुडी बांधून मिळायची, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या परक्या मेजवानीत एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल. ती मिरी आपल्याच बाजूच्या समुद्रातून गेलेली. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे कोकणात वेंगुर्ल्याला तिची वखार होती. त्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत.

चित्रं खपत होती, पण त्यांना मान नव्हता. १६६७ साली फ्रान्समध्ये फेलिबियाँ या लेखकानं चित्रविषयांची उतरंड मांडली. माणसांची आणि इतिहासाची चित्रं सर्वांत वर, निर्जीव वस्तूंची सर्वांत खाली. १६७८ साली एका डच चित्रकारानंच लिहून ठेवलं, की अशी चित्रं काढणारे म्हणजे कलेच्या फौजेतले साधे शिपाई. गंमत अशी, की पुढच्याच शतकात पॅरिसमध्ये शार्दँ नावाचा एक सुताराचा मुलगा उभा राहिला आणि त्यानं स्वयंपाकघरातलं पाणी साठवायचं तांब्याचं पिंप रंगवलं. ते चित्र आज लूव्ह्र संग्रहालयात आहे. पिंपावरचा तांबूस उजेड असा आहे, की आपल्याकडचा न्हाणीघरातला बंब आठवावा. ज्या वस्तूला हात लावायचं काम नोकराचं, तिच्याकडे राजाच्या चेहऱ्याकडे पाहावं तसं त्यानं पाहिलं.

आपल्याकडे काय होतं? अजिंठ्याच्या भिंतींवर घडे आहेत, आरसे आहेत, छत्र्या आहेत, पण ते माणसांच्या हातात. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या आरशात पाहणाऱ्या राणीचा आरसा राणीसाठी आहे. वस्तू एकट्या उभ्या राहिल्या त्या वेगळ्या जागी. आग्र्याला नूरजहाननं आपल्या वडिलांसाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधलेली इतमाद-उद-दौल्याची कबर आहे. तिच्या भिंतींवर सुरया आहेत, पेले आहेत, फळांची तबकं आणि फुलदाण्या आहेत. माणूस एकही नाही. जणू पाहुणे उठून गेले आणि भांडी तेवढी मांडलेली राहिली.

असं का, याचं एक उत्तर आमच्या परंपरेत आहे. प्रेषितांचे नातलग आणि मोठे विद्वान इब्न अब्बास यांच्याकडे एक कारागीर आला आणि म्हणाला, माझं पोट चित्रांवरच आहे, मी काय करू? त्यांनी त्याला सांगितलं, की चित्र काढणं भागच असेल तर झाडं काढ, ज्यांत जीव नाही अशा वस्तू काढ. हदीसच्या ग्रंथात ही हकिगत नोंदलेली आहे. सगळ्या मुसलमान राजांनी ती मानली असं नाही. मोगल दरबारात माणसांची चित्रं भरपूर झाली. पण साध्या श्रद्धाळू घरांमध्ये ती रेषा होती. युरोपात जो विषय उतरंडीच्या तळाशी ढकलला गेला, तोच विषय या घरांमधल्या चित्र काढणाऱ्या मुलासाठी उघडं राहिलेलं दार होता.

मी त्याच दारातून आत गेलो. शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी ग्रेड परीक्षेची तयारी सुरू केली आणि घरी सरावाला बसलो, तेव्हा आमच्या दादाजाननी विचारलं, “जानदार चीज तो नै ना?” म्हटलं, नाही, भांडी आहेत. ते उठले, वजू करायचा आपला बधना घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. बधना म्हणजे तोटी असलेला लोटा. त्या तोटीचं वळण कागदावर उतरवताना माझे चार दिवस गेले. रोज पाचदा हातात येणारी वस्तू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. रंगात नसेल, पण शब्दांत आपण हे फार आधी केलेलं आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव शिंप्याच्या घरातले, म्हणून कात्री, गज, सुई-दोरा त्यांच्या पदांत येतात, आणि ती पदं पंजाबपर्यंत जाऊन गुरु ग्रंथसाहिबात बसली आहेत. गोरोबाकाकांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं मडक्यासारखं थोपटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. ते पक्कं करून घ्यायला नामदेव विसोबा खेचरांकडे आले ते आमच्या औंढा नागनाथला. जातं, मुसळ, सूप, मडकं यांच्यातून मोठी गोष्ट सांगता येते हे आपल्या संतांना उपजत कळत होतं. मात्र त्यांच्याकडे मडकं नेहमी दुसऱ्या कशाचं तरी रूपक होऊन येतं. मडक्याला मडकं म्हणूनच बघत बसणं, हे काम चित्रकारानं केलं.

मला ज्याच्याविषयी मुख्यतः सांगायचं आहे तो चित्रकार म्हणजे कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. बोलारम आणि हिंगोली या गावांचं एक जुनं नातं आहे. निजामाच्या खर्चानं पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या दोन्ही ठिकाणी होत्या. १९०३ साली ती फौज मोडली. पुढे आराचा जन्म झाला तेव्हा दोन्ही गावं निजामाच्याच राज्यात होती. आराची आई लवकर वारली. वडील ड्रायव्हर. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि सातेक वर्षांचा कृष्णा घरातून पळून मुंबईला आला.

मुंबईत त्यानं लोकांच्या मोटारी पुसल्या, साहेबांच्या घरी वरकाम केलं. मिठाच्या सत्याग्रहात पाच महिने तुरुंगात जाऊन आला. घरकाम करता करता जमेल तसं चित्र काढत राहिला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रुडी फॉन लेडेन यांची नजर त्याच्या चित्रांवर पडली आणि दिवस पालटले. १९४२ मध्ये पहिलं एकल प्रदर्शन झालं, १९४४ मध्ये गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच्या सहा संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर आरा होता.

त्या सहा जणांत प्रत्येकाचा रस्ता वेगळा. गोव्याच्या सूझानंही स्थिरचित्रं केली, पण त्यांत चर्चमधली पूजेची पात्रं आली. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेननी कंदील आणि छत्री आयुष्यभर सोबत बाळगली. १९६७ साली त्यांनी केलेल्या लघुपटातही त्या दोन्ही वस्तू आहेत, आणि त्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळालं. आरानं मात्र फुलदाण्या, फळं, सुरया, वाडगे हाच आपला मोठा विषय केला. आधुनिक भारतीय चित्रकलेत स्थिरचित्राला इतकं मनापासून जवळ करणारा तो पहिलाच, असं जाणकार मानतात. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्याला मिळालं, त्या चित्राचं नाव ‘टू जग्ज’. मराठीत म्हणायचं तर दोन जग. आपल्या लिपीत पाण्याचा जग आणि राहायचं जग एकसारखंच लिहिलं जातं, याची मला नेहमी मौज वाटते.

आराच्या त्या पदकात मला न्याय दिसतो. ज्याचं बालपण दुसऱ्यांच्या वस्तू पुसण्यात गेलं, त्यानं त्याच जातीच्या वस्तूंना फ्रेममध्ये आणून बसवलं. मालकाला भांडं किमतीनं माहीत असतं. पुसणाऱ्याला ते वजनानं, पोचे कुठे आहेत त्यानं, उन्हात ठेवलं की कुठे चमकतं त्यानं माहीत असतं. १९८५ साली आरा मुंबईत वारला. तरुण चित्रकारांना जागा मिळावी म्हणून काळा घोडा भागातल्या आर्टिस्ट्स सेंटरसाठी तो शेवटपर्यंत झटला.

आता आपल्या घरांकडे या. मराठवाड्यात भांड्यावरून घर ओळखता यायचं. हिंदू घरात पितळ जास्त, मुसलमान घरात कल्हई केलेलं तांबं जास्त. तिकडे तांब्या, इकडे बधना. तिकडे पानपुडा, इकडे पानदान. तिकडे चरवी, घंगाळ, ओगराळं. इकडे डेग, सरपोश, उगालदान. दोन्ही घरांची भांडी एकाच झाडाखाली एकत्र यायची ती कल्हईवाल्याकडे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. भांडं लालसर तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायची आणि काळं भांडं क्षणात चांदीसारखं व्हायचं. कल्हई उडाली की आंबट आमटी कळकते, हे दोन्ही स्वयंपाकघरांना सारखंच ठाऊक होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या अम्मीला लग्नात मिळालेली तांब्याची डेग तेव्हा मोडीत गेली. व्यापाऱ्यानं वजन केलं, घट कापली आणि पैसे दिले. तिच्यात किती ईदांचा पुलाव शिजला, हे तराजूत येत नव्हतं. आपल्या भागात अशी हजारो घरं असतील. जे दुष्काळातून वाचलं ते स्टील आणि प्लॅस्टिक आल्यावर गेलं. भांड्याबरोबर त्याचं नावही गेलं. आजच्या मुलाला ‘सरपोश’ म्हटलं किंवा ‘ओगराळं’ म्हटलं, तर दोन्ही शब्द सारखेच परके.

हे वेळीच ओळखणारा एक कवी पुण्यात होऊन गेला. दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे. त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पळ्या, भांडी जमवली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. पण प्रत्येक तालुक्यात केळकर कुठून आणायचे?

माझ्या मते त्याचं काम थोडंफार ड्रॉइंगची वही करू शकते. दरवर्षी महाराष्ट्रभर मुलं ग्रेड परीक्षेला बसतात आणि सरावासाठी शाळेत तीच किटली, तोच प्लॅस्टिकचा मग, तेच वांगं मांडलं जातं. कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला घरातलं एकेक जुनं भांडं आणायला सांगा. आजीला त्याचं नाव विचारून ये म्हणावं, आणि चित्राखाली ते नाव लिहायला लावा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या कुठल्याही वर्गात तांब्या आणि बधना आपोआप शेजारी येतील. एकाला तोटी आहे, एकाला नाही. बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड दोघांच्या पोटावर सारखाच पडतो, सावली एकाच बाजूला जाते. हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. छायाप्रकाश भरताना ते त्यांना आपसूक काढावंच लागतं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)