दालन आणि कोठार

१९९९ साली डेबियन २.१ सोबत ‘ॲप्ट’ आले. एका आज्ञेसरशी सॉफ्टवेअर आपल्या पूरक घटकांसह संगणकावर उतरू लागले; मात्र ती आज्ञा पाठ असावी लागे. २००९ मध्ये उबुंटू ९.१० ने या कोठारापुढे सचित्र दालन उभारले. आम्हां भाषेच्या माणसांना ते वरदानच! २०१६ मध्ये त्याच्या जागी ‘ग्नोम सॉफ्टवेअर’ आले. ते मुख्यतः ‘ॲपस्ट्रीम’ वर्णनपत्र असलेलेच सॉफ्टवेअर मांडते. केवळ आज्ञेवर चालणारी असंख्य साधने कोठारात असूनही तिथे दिसत नाहीत. सूचीत नाही म्हणजे ग्रंथच नाही, असे मानणारा वाचक आमच्या मते अशानेच घडतो. २०२४ च्या उबुंटू २४.०४ मध्ये तर ‘ॲप सेंटर’ला हाती असलेली डेब फाईलही आरंभी बसवता येईना. टर्मिनलमधले ‘ॲप्ट’ मात्र तीच फाईल निमूटपणे बसवत होते.