कोयनेचे खोरे : नवे गिरिस्थान आणि जुने प्रश्न

सातारा/सांगली : गुलमर्ग किंवा औली ही नावे उच्चारली, की बर्फावरून वेगाने घसरणारे पर्यटक डोळ्यांसमोर येतात. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, कोसळतो तो पाऊस. मात्र दुर्गम डोंगरी खोरे पर्यटकांसाठी खुले करण्याचा जो प्रयोग हिमालयात झाला, त्याच वळणावर आता सातारा जिल्ह्यातील कोयनेचे खोरे उभे आहे. ‘नवीन महाबळेश्वर’ या प्रकल्पामुळे चर्चेत आलेल्या या खोऱ्याचा आढावा.

जुने महाबळेश्वर कसे वसले?

लॉडविक हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या पठारावर पोहोचला. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून येथे गिरिस्थान वसविले. ते प्रारंभी ‘माल्कमपेठ’ या नावाने ओळखले जाई. वेण्णा तलाव १८४२ मध्ये बांधण्यात आला. पुढे जॉन चेसन यांच्या प्रयत्नांतून पाचगणी आकाराला आली.

स्वातंत्र्योत्तर काळात गर्दी आणि बांधकामे वाढत गेली. अखेर केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. बांधकामांवर मर्यादा आल्या, पर्यटकांचा ओघ मात्र थांबला नाही. तो तापोळा, बामणोली आणि कासच्या दिशेने सरकू लागला.

धरणाखालचे खोरे

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. सोळशी व कांदाटी या उपनद्यांची खोरीही तापोळ्याच्या परिसरातच आहेत. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या कोयना धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसी, तर जलविद्युत प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. राज्याचे औद्योगिकीकरण या विजेवर उभे राहिले. त्याची किंमत खोऱ्याने मोजली. शंभराच्या आसपास गावांना धरणाची झळ बसली आणि असंख्य कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी त्यांना साठ वर्षांनंतरही आंदोलने करावी लागली.

जे मागे राहिले, त्यांच्या वाट्याला शिवसागर जलाशयाचे सौंदर्य आले आणि एकाकीपणही. पलीकडच्या तीरावरील अनेक गावांचा आधार वर्षानुवर्षे लाँच हाच होता. रोजगारासाठी मुंबईची वाट धरणे ही येथील रीतच झाली. त्यामुळे रस्ते, पूल आणि पर्यटनातून मिळणारा रोजगार यांची ओढ येथील माणसाला असेल, तर ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. तापोळ्याची बोटिंग, वासोट्याची पदभ्रमंती आणि घरगुती निवास-न्याहारी यांतून काही कुटुंबांना गावातच उत्पन्नाचे साधन मिळाले आहे.

प्रकल्प काय आहे?

‘नवीन महाबळेश्वर’ची कल्पना जुनी असली तरी तिला वेग आला तो २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाल्यानंतर. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील २३५ गावांचा, सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर क्षेत्राचा प्रारूप विकास आराखडा २०२४ मध्ये हरकती व सूचनांसाठी जाहीर झाला. पुढे आणखी गावे समाविष्ट करण्याची पावलेही उचलण्यात आली. तुलनेसाठी सांगायचे, तर कोयना धरणाचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे.

या परिसराला लागून कोयना अभयारण्य आहे. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याकडील चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये अस्तित्वात आला. कास, कोयना व चांदोली यांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

हिमालयाचा धडा

गुलमर्गमध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर दुसरा २००५ मध्ये सुरू झाला आणि पर्यटक सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत पोहोचू लागले. स्थानिकांना हिवाळ्यातही रोजगार मिळाला. दुसरे चित्र औलीच्या पायथ्याच्या जोशीमठचे आहे. जुन्या भूस्खलनाच्या राडारोड्यावर वसलेल्या या गावात अवजड बांधकामे नकोत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील घरांना तडे गेले, शेकडो कुटुंबे हलवावी लागली आणि औलीचा रोपवेही बंद ठेवावा लागला.

कोयना खोऱ्यालाही असे इशारे मिळालेले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडींखाली घरे गाडली गेली.

सांगलीचा संबंध काय?

हा प्रश्न केवळ साताऱ्यापुरता नाही. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी सांगलीच्या दुष्काळी पूर्व भागाला देतात आणि उन्हाळ्यात त्यांची मदार बव्हंशी कोयनेच्या विसर्गावर असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीकरांची नजर कोयनेच्या दरवाजांकडेच लागली होती. वरच्या डोंगरावरील झाड तुटले, उतार खोदला गेला, तर माती जलाशयात उतरणार आणि त्याचा परिणाम खालच्या शिवारापर्यंत पोहोचणार, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

म्हणूनच आराखड्याची कसोटी किती खोल्या उभ्या राहिल्या ही नसून, दरडप्रवण उतार कोणते वगळले, सांडपाणी जलाशयात जाणार नाही याची तरतूद कोणती आणि जमिनीची मालकी स्थानिकांकडे राहते का, ही आहे. धरणाच्या वेळी या खोऱ्याला कोणी फारसे विचारले नव्हते. या वेळी ग्रामसभांचे म्हणणे आधी ऐकले गेले, तर नवे गिरिस्थान डोंगरालाही पेलेल आणि माणसालाही.