नायडू, सी. के. : फटकेबाजीचे आकडे

नायडू, कोट्टारी कनकय्या : (३१ ऑक्टोबर १८९५ – १४ नोव्हेंबर १९६७). भारताचे पहिले कसोटी कर्णधार आणि उत्तुंग षटकारांसाठी ख्यातनाम झालेले फलंदाज. जन्म नागपूरचा. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत ३४४ डाव, ११,८२५ धावा, सरासरी ३५.९४, शतके २६, सर्वोच्च धावसंख्या २००. शिवाय ४११ बळी. कसोटी सामने ७, धावा ३५०, सरासरी २५. हे आकडे बिनचूक असले, तरी त्यांवरून नायडू कसे खेळत ते कळत नाही. पळून काढलेल्या सहा धावा आणि मैदानाबाहेर भिरकावलेल्या चेंडूच्या सहा धावा बेरजेत सारख्याच उतरतात.

त्या काळी क्रिकेटच्या कारकीर्द-तक्त्यांत षटकारांचा रकाना नसे. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हिशेबाची रीत निराळी. तिथे एकोणिसाव्या शतकातला बलदंड फटकेबाज रॉजर कॉनर (कारकीर्द १८८०–९७) याचे २,४६७ यशस्वी फटके जातवार सांगता येतात : ४४१ दोन बेसचे, २३३ तीन बेसचे, १३८ चार बेसचे म्हणजे होमरन, उरलेले एकेका बेसचे. एकूण बेस ३,७८८ भरतात आणि त्यांना खेळीसंख्येने भागले की फटक्यांतला जोर एका आकड्यात हाती येतो. त्याचा होमरनचा उच्चांक १९२१ मध्ये बेब रूथने मोडला.

नायडूंचा असा हिशेब एकेका डावापुरता मांडता येतो, आणि त्यासाठी १ डिसेंबर १९२६ चा डाव घ्यावा. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाचा सामना आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली दौऱ्यावर आलेल्या एम. सी. सी. या इंग्लिश संघाशी होता. पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या होत्या. त्यांत गाय अर्लच्या १३० धावा आणि आठ षटकार. उत्तरादाखल नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा ठोकल्या : ११ षटकार, १३ चौकार. म्हणजे ११८ धावा सीमापार गेलेल्या फटक्यांच्या, डावाच्या तीन-चतुर्थांशांहूनही थोड्या अधिक. एक षटकार जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. एम. सी. सी.ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी मुंबईतच १४८ धावा केल्या. या दोन खेळींनी भारतीय संघ कसोटीच्या पात्रतेचा आहे असे मत बळावले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, तर १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी झाली.

हा धडाका एका दिवसाचा नव्हता. १९१६ मध्ये हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध पदार्पण करताना, सात गडी बाद झाले असताना खेळायला आलेल्या नायडूंनी तीन चेंडू अडवले आणि चौथा षटकारासाठी टोलवला. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या १,६१८ धावांत ३२ षटकार, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा. मुंबईच्या डावात हाच वाटा दोन-पंचमांशांहून मोठा होता. परक्या, ओलसर खेळपट्ट्यांवर सबंध मोसम खेळून हा आठवा हिस्सा राखणे मला अधिक मोलाचे वाटते. पुढच्याच वर्षी ‘विस्डेन’ने त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत निवड केली.

कसोटीतली त्यांची सर्वोच्च धावसंख्या ८१. ती १९३६ मध्ये ओव्हलवर, त्यांच्या अखेरच्या कसोटीत. गबी ॲलनचा चेंडू अंगावर बसला, तरी ते खेळत राहिले. प्रथम श्रेणीतली २०० ची खेळी त्याहून उशिरा, १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात, होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध आली. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशकडून रणजीतल्या शेवटच्या डावात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी ५२ धावा केल्या.