लागणे
मराठीतील बहुअर्थी अकर्मक क्रियापद. संस्कृत ‘लग्’ (चिकटणे) या धातूपासून प्राकृत ‘लग्ग’मार्गे आलेले; ‘लग्न’ शब्दही त्याच मुळाचा. चिकटण्याचा मूळ अर्थ ‘हाताला शाई लागली’ यात शाबूत आहे, पुढे मात्र तो दूरवर पसरला.

त्याची करामत नाशिक जिल्ह्यातील वणीच्या एसटी स्थानकावर ऐकावी. ‘गडाची गाडी लागली’ म्हणजे सप्तशृंग गडाला जाणारी बस फलाटाशी येऊन उभी राहिली. तीच बस नांदुरीच्या पुढे घाटात वळू लागली, की कुणीतरी खिडकीशी सरकत म्हणते, ‘मला गाडी लागते.’ आता अर्थ मळमळ! फरक करतो तो एकटा ‘मला’. भूक, तहान, ठेच, वेड, नाद यांनाही असाच ‘ला’ प्रत्ययाचा अनुभवणारा लागतो. गडाच्या पायऱ्यांवर धाप लागते तीही अशीच.

दिंडोरी तालुक्यातल्या बागांत वेलीला द्राक्षे लागतात, त्यांना मजूर लागतात, निकाल लागतो, वाट लागते. ‘तो तुझा कोण लागतो?’ यात नाते येते. सहायक क्रियापद म्हणून ‘रडू लागला’ यात आरंभ, तर ‘जावे लागले’ यात सक्ती. ‘मनाला लागले’ हा प्रयोग मात्र जखमेच्या अर्थाचा. तिथे नेमके काय लागले हे सांगावे लागत नाही.