नोव्ह्याची गढी आणि निजामाचें कर्ज

नांदेड जिल्ह्यांत हदगांवच्या आसमंतांत नोव्हा म्हणून एक ठिकाण आहे. तेथील गढीवर १८१९ च्या जानेवारींत तोफा धडाडल्या. हटकरांचे पुढारी नौसाजी नाईक आपली चिमुकली सत्ता राखण्यासाठीं अरब शिपायांनिशीं लढत होते. वेढा घालणारा मेजर पिटमन इंग्रज. फौज मात्र निजामाच्या खर्चाची. महिनाअखेर गढी पडली, आणि आंतील बहुतेक लोक कापले गेले.

श्रोतेहो, नाइकांइतकेंच लक्ष त्या फौजेकडे द्यावयास हवें. रेसिडेंट हेन्री रसेल यानें ती उभी करविली. १८०० च्या तहान्वयें निजामानें अधिक सैन्य पुरवावयाचें तें केवळ युद्धप्रसंगीं. ही फौज शांततेच्या काळींही कायम राहिली. हिंगोलीस व मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, तिच्या छावण्या पडल्या. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, पगार निजामाचा! तो भागविण्यासाठीं पामर कंपनी ही हैदराबादची पेढी शेकडा २४ च्या आसपास व्याजानें पैसा पुरवी. तें देणें फेडण्याकरितां १८२३ सालीं निजामास एक कायमचें उत्पन्न सोडावें लागलें: समुद्रकांठच्या उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून दरसाल मिळणारी पेशकश. आपल्या खेड्यांतला सावकारही हा हिशेब पाहून लाजला असता.

तरी थकबाकी वाढतच गेली. १८५३ च्या मे महिन्यांत डलहौसीनें नवा तह लादला, आणि वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिव हा मुलूख फौजेच्या खर्चापोटीं इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १९८२ सालीं लातूर ज्यांतून वेगळें निघालें, तो धाराशिव जिल्हा याच बाजूचा. नळदुर्गास मेडोज टेलर कारभारावर आला. त्यानें जमिनीची मोजणी करविली, रस्ते बांधविले. कारभार वाईट नव्हता, हें मान्य केलें पाहिजे. पण रयतेस कोणी विचारलें नव्हतें, आणि मुलूख परत देतांनाही विचारलें नाहीं. १८५७ च्या उठावांत दिवाण सालारजंग यांनीं हैदराबाद इंग्रजांच्या बाजूस राखलें. त्याबद्दल १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचें कर्जही माफ झालें. अशा रीतीनें दहा वर्षांच्या आंत एकाच शेतकऱ्याचा सारा निजामाकडे, कंपनीकडे, राणीकडे आणि पुन्हां निजामाकडे गेला.

वऱ्हाड मात्र परत आलें नाहीं. त्याचा ध्यास घेतलेले सालारजंग १८७६ सालीं विलायतेपर्यंत जाऊन आले, व्यर्थ. १९०२ सालीं तो प्रांत सालिना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडेच राहिला. आणि जिच्या पगारापायीं हें सारें घडलें, ती फौज पुढच्याच वर्षीं हिंदी सैन्यांत विलीन झाली.