प्राणिभयपटातील अनाहूत विनोद

अवाढव्य प्राणी दाखवून भिववू पाहणारा, पण प्रत्यक्षात हसवणारा स्वस्तातला चित्रपट. हे हसू निर्मात्याच्या गरिबीला असते, हा आक्षेप कोल्हापूरच्या उदाहरणापुढे टिकत नाही. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच घडवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. त्यातला कीचकवध इतका अस्सल वाटला, की सेन्सॉरने तो कापायला लावला. म्हणजे गरिबी हसवत नाही; हसू फुटते ते आव आणि ऐवज यांचा मेळ बसत नाही तेव्हा. ‘नाइट ऑफ द लेपस’ (१९७२) मध्ये खेळण्यातल्या घरांमधून ससे संथ गतीने उड्या मारत येतात. आता ससा कितीही फुगवला, तरी ससाच! मुद्दाम केलेला वेडेपणाही हसवतो, हे ‘शार्कनेडो’ने (२०१३) दाखवले, पण तिथे दिग्दर्शक आधीच डोळा मारतो, त्यामुळे चूक पकडल्याची गंमत प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. ‘द जायंट क्लॉ’ (१९५७) मधल्या नटांना मात्र त्यातला अवाढव्य पक्षी कसा दिसणार, हे ठाऊकच नव्हते. जगबुडी आल्यागत ते बोलतात, आणि समोर येते लांब मानेची, बटबटीत डोळ्यांची, डोक्यावर विरळ शेंडी असलेली दोरीवरची कठपुतळी. नायक जेफ मॉरोने तो पक्षी पहिल्यांदा पाहिला, तो थेट चित्रपटगृहात.