झरीची मूळ फीत

जुन्या भूमिगत हिप-हॉप संग्रहांच्या तबकड्या आता नव्याने निघत असतात. मॅडव्हिलनचा २००४ सालचा 'मॅडव्हिलनी' हा संग्रह घ्या. त्याच्या आवृत्त्या अद्याप खपतात. अशा पुनर्मुद्रणाच्या वेळी जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो मूळ फितीचा. ती हाती आहे, की दुसऱ्या प्रतीवरून तिसरी प्रत उतरवली आहे? (आमच्या आजोबांच्या काळातल्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख जंगलात गोळा करणारे बहुतांशी आदिवासीच होते. त्या तबकड्यांवर त्यांचा आवाज मात्र क्वचितच उमटला.)

हा प्रश्न मला पडला तो मुंबईतल्या 'स्वदेशी' या हिप-हॉप गटामुळे. २०२० साली ज्यांचा 'चेतावनी' हा संग्रह आला तेच हे तरुण. एमसी मवाली मराठीत शब्द फेकतो. गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड २०२२ च्या मार्चमध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. आरे वसाहतीतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी जे गाणे केले, त्याचे नाव 'द वारली रिव्होल्ट'. संदर्भ होता मेट्रोच्या कारशेडचा. पुढे ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत झाडे तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवीपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

पण ते शीर्षक आरेचे नाही. ते तलासरी-डहाणूचे आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले आणि झरी महाराष्ट्राच्या वाट्याला येऊन तलासरीत मोडू लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले होते आणि तिथे जाऊन आलेल्या मूठभर वारल्यांनी परत येऊन गावोगाव बोलणी केली होती. झरीला सुमारे पाच हजार माणसे जमली. ठराव साधे होते: वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही. लग्नापुरते कर्ज काढणारा वारली बायकोसकट सावकाराच्या घरी राबे, आणि ते राबणे कधी फिटत नसे. लग्नगडी म्हणतात तो हाच. मग पाचशे रत्तल गवताच्या कापणीला अडीच रुपये ही मागणी पुढे आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला, गोदावरी परुळेकरांच्या नावाने उठलेल्या अफवेवर जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले.

आता शीर्षक आणि मूळ घटना शेजारी ठेवून पाहावे. झरीचा लढा झाडांसाठी नव्हता. तो मजुरीसाठी आणि स्वतःच्या देहावरच्या मालकीसाठी होता. रानाचा तुकडा वाचवण्याच्या आजच्या लढ्याला 'वारली उठाव' म्हटले की मजुरीचा तो हिशेब, अडीच रुपयांचा, खरवडला जातो. माझा आक्षेप गाण्यावर नाही. पाड्यातून उठवले जाण्याची भीती दोन्हीकडे खरीच आहे, आणि भोईर स्वतःच्याच आवाजात बोलतात, हे १९४५ च्या वारल्यांना लाभले नव्हते.

कारण त्या उठावाची आपल्याला सहज सापडणारी मूळ फीत म्हणजे एक मराठी पुस्तक: गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०), ज्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाई पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या पहिल्या स्त्री सदस्य. त्यांचे गद्य प्रामाणिक आहे, पण ते प्रमाण मराठीत आहे आणि घटनेनंतर पंचवीस वर्षांनी छापलेले आहे. झरीच्या पाच हजारांपैकी कोण कसे बोलले, कोणत्या शब्दाला किती वेळ थांबले, हे त्यातून ऐकू येत नाही.

डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत तारपावाल्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वळत वळत आत जाते. तबकडीची खाचही तशीच एकच असते, बाहेरून आत जाणारी. नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करायची नाही, असा तिथला नियम आहे.